शेवटच्या ताईच्या वेगाने : गटाची सायकल फेरी कशी काढायची?



मागच्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये एक विषय परत परत निघाला : "आमच्या गटाची पण सायकल फेरी काढा की." काही गावांत फेरी सुरू झाली आणि चांगली चालू आहे. काही ठिकाणी मात्र दोन-तीन रविवार झाले आणि बंद पडली. का बंद पडली असं विचारत गेलं, की उत्तर जवळजवळ एकच येतं. सराव असलेल्या ताई पुढे गेल्या, बाकीच्या मागे राहिल्या, आणि मागे राहिलेल्या पुढच्या रविवारी आल्याच नाहीत.

म्हणून या महिन्याचा पाठ त्यांच्यासाठी आहे, ज्या म्हणतात, "माझं वजन जास्त आहे", "मला धाप लागते", "शाळेत चालवली होती, आता पंचवीस वर्षं हात लावला नाही", "लोक हसतील". आणि त्यांना सोबत नेणाऱ्या ताईंसाठीसुद्धा. बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकी घ्या.

सायकल कशासाठी?

गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंना बँकेत जावं लागतं. बँक बाजाराच्या गावी, चार-पाच किलोमीटरवर. एस.टी. दिवसातून दोनदा. मग मुलगा कधी मोकळा होतो, त्याची मोटारसायकल कधी मिळते, याची वाट बघायची. पैसे आपल्या गटाचे, सही आपली, पण जायचं कधी ते दुसरं कुणी ठरवणार! दवाखाना, रेशन, मुलांची शाळा, माहेरचा एखादा कार्यक्रम, सगळीकडे हेच. सायकलला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, पेट्रोल लागत नाही. ती फक्त चालवता आली पाहिजे.

बायकांनी एकत्र येऊन सायकल शिकण्याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'अरिवोळी इयक्कम' नावाची साक्षरता चळवळ चालू होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी लिहिण्या-वाचण्याबरोबर सायकल शिकणंही त्या कामात आणलं. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई, सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं आहे, की एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकलवर बसल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं.

आपल्याकडे अनेक घरांत सायकल आधीच आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. मुलगी बारावी झाली, लग्न होऊन गेली, आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत उभी आहे. पहिलं काम म्हणजे गटातल्या किती घरांत अशी सायकल पडून आहे ते मोजा.

दुसरं कारण तब्येतीचं. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल करावी. सावकाश सायकल चालवणं त्यात येतं. जास्त वजनाच्या ताईंना सायकलचा आणखी एक फायदा आहे. चालताना शरीराचा सगळा भार गुडघ्यांवर येतो, सायकलवर बराचसा भार सीट घेते.

कुणी म्हणेल, "दिवसभर रानात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" बरोबर आहे. ज्या ताईंचं रानातलं काम भरपूर आहे, त्यांना व्यायाम म्हणून फेरीची गरज नसेलही. त्यांनी स्वतःच्या मनाने जाता-येता यावं म्हणून शिकायचं. पण शिलाई मशीनवर, दुकानात किंवा पापडाच्या कामात तासन् तास बसणाऱ्या ताई आपल्यातच आहेत. त्यांना दोन्ही फायदे होतात.

सायकल तपासून घ्या

"मी बसले तर सायकल मोडेल" ही भीती बऱ्याच जणींना असते. याच सायकलच्या कॅरिअरवर आपण गवताचा भारा, गव्हाचं पोतं, नाहीतर माणूस डबलसीट नेताना बघतो. साधी लोखंडी सायकल भक्कम असते. फक्त ती नीट पाहिजे.

हवा : वजन जास्त असेल तर चाकात हवा कडक भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि पंक्चर होते. शिवाय पायडल जड जातं आणि आपल्याला वाटतं, आपल्यातच दम नाही. अर्ध्या वेळा दोष हवेचा असतो.

तारा आणि ब्रेक : चाकाच्या तारा ढिल्या आहेत का, चाक डुगडुगतंय का, हे सायकलवाल्याकडून बघून घ्या. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत. थांबताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पुढचा एकटाच जोरात दाबला तर सायकल पुढे कलंडते.

सीट : शिकताना सीट खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. भीती गेली की सीट वर घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, अगदी थोडा वाकलेला. सीट कायम खाली ठेवली तर गुडघे दुखतात आणि लवकर थकवा येतो. स्प्रिंगची रुंद सीट मिळाली तर उत्तम.

कपडे : चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या. मागच्या चाकाला जाळी लावली तर साडी अडकत नाही. पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणी मागे गाठ मारून बांधा, सलवारच्या पायाला रबर लावा. साडी, ड्रेस, काष्टा, ज्यात मोकळं वाटेल ते घाला. वजन जास्त असेल तर मांड्या घासून सोलवटतात. लाजेने हे कुणी बोलत नाही आणि फेरीला येणं मात्र बंद होतं. आतून सुती लेगिंग घाला, निघण्याआधी खोबरेल तेल लावा. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत बसायची जागा दुखते, नंतर सवय होते.

कुणी आधी विचारून घ्यावं?

बीपी, शुगर, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, पिशवीचं किंवा दुसरं ऑपरेशन झालं असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर ताईंनी आता नव्याने शिकायला घेऊ नये. उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर मोफत तपासतात. फेरी सुरू करण्याआधी सगळ्या गटाने मिळून एकदा तपासून यावं. आशाताईंना सोबत घ्या.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ताईंनी उपाशीपोटी निघू नये. पिशवीत साखर किंवा गूळ ठेवावा. एकदम घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच उतरून साखर किंवा गूळ खावा. छातीत दुखलं किंवा दाटलं, तर कुणीही पुढे जायचं नाही. तिथेच बसवून १०८ला फोन करायचा.

आधी मैदान, मग रस्ता

शाळेचं मैदान किंवा खळं, जिथे जमीन कडक आणि सपाट आहे, तिथे सुरुवात करा. मागून कॅरिअर धरून पळणारी माणसं शोधू नका. जास्त वजनाच्या ताईला धरणं कुणालाच जमत नाही, आणि हात सोडल्यावर ती पडली की पुन्हा बसत नाही.

त्यापेक्षा ही पद्धत बघा. दोन्ही पायडलं काढून ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं, उजवं नेहमीसारखं. आता सीट खाली करून बसा आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत चाला. मग लांब ढांगा टाका. काही वेळाने दोन्ही पाय उचलून सायकल आपोआप चालू द्या. तोल असाच येतो, आणि पाय जमिनीजवळ असल्यामुळे पडायची भीती नसते. तोल आला की पायडलं बसवा.

निघताना आधी सीटवर चढून बसू नका. सीटच्या पुढे उभ्या राहा, एक पायडल वर आणि जरा पुढे घ्या, त्यावर पाय देऊन जोर लावा. सायकल चालू होते, शरीर वर उचललं जातं आणि मग सीटवर टेकायचं. नजर समोर ठेवा. पुढच्या चाकाकडे बघितलं की तोल जातो.

रस्ता निवडताना

सपाट रस्ता बघा. पाटाच्या कडेचा, शिवारातला किंवा दोन वस्त्यांमधला, गाड्या कमी असलेला. हायवे नको. ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांचा रस्ता नको. पहिली फेरी जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटरच ठेवा. ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूला आधी जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. मध्ये सावली, पाणी आणि आडोसा किंवा शौचालय असावं. लघवीला जायची सोय नाही म्हणून किती ताई घराबाहेर पाणीच पीत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. ठरलेला रस्ता दोघी जणींनी आदल्या दिवशी जाऊन बघून यावा.

फेरीची पंचसूत्री

गटाला जशी सूत्रं असतात तशीच फेरीलाही हवीत. ही पाच सूत्रं दर फेरीच्या आधी मोठ्याने म्हणा.

१) वेग सगळ्यात हळू ताईचा. हळू चालवणाऱ्या ताईला शेवटी ठेवू नका, पुढच्या ताईच्या लगेच मागे ठेवा. शेवटी असलेली ताई अंतर भरून काढायला जिवाच्या आकांताने पायडल मारते आणि दमते. ती दुसऱ्या नंबरवर असली की सगळी रांग आपोआप तिच्या वेगाने चालते. वेग बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? चालवता चालवता बोलता आलं पाहिजे. ओवी म्हणण्याइतका दम उरत नसेल तर चालेल, पण साधं वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. ताशी आठ-दहा किलोमीटर भरपूर झाला.

२) एक पुढची ताई, एक मागची ताई. पुढचीला रस्ता माहीत हवा. मागची सरावाची हवी आणि शांत स्वभावाची हवी. मागच्या ताईच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम. दोघींकडे एकमेकींचा नंबर आणि चार्ज असलेला फोन असावा.

३) थांब्यावर विश्रांती सगळ्यांना सारखी. दर एक-दीड किलोमीटरला थांबा. या सूत्रावर जरा जास्त बोलू, कारण फेऱ्या इथेच मोडतात. एका गावात चौथ्या फेरीनंतर एक मावशी यायच्या बंद झाल्या. घरी जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या झाडाखाली बसून गप्पा मारत असता. मी पोचले की म्हणता, चला आली, निघू. मला घोटभर पाणीसुद्धा प्यायला मिळत नाही." जिला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, तिलाच ती मिळत नव्हती. बाकीच्यांना वाटत होतं, की आपण तिच्यासाठी थांबतोय. त्या गटाने पुढच्या बैठकीत ठराव केला : शेवटची ताई उतरली, बसली, पाणी प्याली, की तिथून पाच मिनिटं मोजायची. आणि "चला" म्हणायचा मान तिचाच. मावशी परत आल्या. आता "चला" त्याच म्हणतात, आणि घाई करत नाहीत.

४) चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. एकटीने उतरून ढकलायचं म्हणजे लाज वाटते. सगळ्या उतरल्या की ती लाज उरत नाही, गप्पा होतात. ज्यांना चढ चालवायचा आहे त्यांनी वेगळ्या दिवशी जावं.

५) वजनावर, वयावर, वेगावर शेरा नाही. "बारीक झालीस गं" हेसुद्धा नको. ते ऐकणाऱ्या दुसऱ्या ताईला आपलं शरीर आठवतं. फेरीच्या वहीत वजन लिहायचं नाही. तारीख, रस्ता, किती जणी निघाल्या आणि किती परत आल्या, एवढंच लिहा. शेवटचे दोन आकडे सारखे असले की फेरी चांगली झाली.

रस्त्यावर सांभाळायच्या गोष्टी

कायम डावी बाजू, एकामागे एक. दोन सायकलींमध्ये दोन सायकलींएवढं अंतर. थांबायचं असेल तर हात वर करून आणि "थांबते" असं ओरडून सांगा, एकदम ब्रेक दाबू नका. खड्डा किंवा वाळू दिसली की पुढची ताई ओरडेल आणि तोच निरोप मागे जाईल. डांबरी रस्त्यावरून कडेला उतरताना उतरून चालत जा, तिथल्या खाचेत चाक अडकून बऱ्याच जणी पडतात. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत पुढे जा. घंटी वाजती ठेवा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा. अंधारात फेरी नको. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी या, चिखलाच्या दिवसांत सुट्टी द्या.

कुणी पडलं तर लगेच ओढून उठवू नका. सावकाश बसू द्या, कुठे दुखतंय ते विचारा. डोक्याला मार लागला असेल, चक्कर किंवा उलटी होत असेल तर १०८. साधं खरचटलं असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. पंक्चर झालं तर त्या ताईसोबत मागची ताई चालेल, आणि बाकीच्या पुढच्या थांब्यावर वाट बघतील.

घरचे आणि गावचे

फेरीची वेळ गटाने ठरवावी, पण घरकामाचा हिशेब धरून. धारा, पाणी, डबे झाल्यावरची वेळ घ्या. लहान लेकरं असलेल्या ताईंसाठी आळीपाळीने एक जण मागे थांबून मुलं सांभाळेल. सोयाबीन काढणीत किंवा खुरपणीच्या दिवसांत फेरी महिन्यातून एकदाच ठेवली तरी चालेल. बंद मात्र करू नका.

लोक हसतील का? पहिल्यांदा हसतीलही. म्हणूनच एकटीने निघायचं नाही, घोळक्याने निघायचं. दहा जणींवर हसणं अवघड असतं. शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींना सोबत घ्या. सासूबाईंना आणि घरच्यांना एखाद्या रविवारी मैदानावर बोलवा. आपण काय करतोय हे डोळ्यांनी बघितलं की निम्मे प्रश्न मिटतात. बॅनर, पाहुणे आणि फोटोची रॅली आठ मार्चला जरूर काढा, पण तिला फेरी समजू नका. रॅलीत सगळ्यांचं लक्ष पुढच्या बॅनरवर असतं, फेरीत ते मागच्या ताईवर हवं.

खर्च कसा भागवायचा?

पंप, पाना, पंक्चरचं सामान आणि मलमपट्टी असा एकच संच सगळ्या गटाला पुरतो. तो ठराव करून गटाच्या पैशातून घ्यावा. सायकली कमी असतील तर तीन जणींत एक चालेल. एक थांबा हिने, एक थांबा तिने, तिसरी त्या दिवशी मैदानावर सराव करेल. जुनी सायकल दुरुस्त करायला किंवा नवी घ्यायला अंतर्गत कर्ज देता येतं. त्याची परतफेड नेहमीच्या नियमाप्रमाणेच.

पहिले सहा आठवडे

पहिला आठवडा : पडून असलेल्या सायकलींची यादी, उपकेंद्रात तपासणी.
दुसरा : सायकल दुरुस्ती, मैदानावर बिनपायडल सराव.
तिसरा : मैदानावर पायडल मारणं, वळणं, थांबणं.
चौथा : गावातल्या गावात एक किलोमीटर, पंचसूत्रीसह.
पाचवा : शेजारच्या वस्तीपर्यंत, जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर.
सहावा : तोच रस्ता पुन्हा. अंतर वाढवू नका, कोण आली नाही ते बघा आणि तिच्या घरी जा.

जी ताई अजून मैदानावरच आहे, तिच्यासोबत एक जण मैदानावर थांबेल. सहा आठवडे हा अंदाज आहे. कुणाला तीन महिने लागतील, लागू द्या.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात कोण कोण सायकलवर बसायला घाबरतं? भीती कशाची आहे : पडण्याची, दमण्याची की बोलण्याची?
२. मागच्या सहा महिन्यांत कुठल्या कामासाठी आपल्याला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागली? त्यातली कुठली जागा सायकलच्या अंतरावर आहे?
३. आपल्या गावातून निघणारा सगळ्यात सपाट आणि शांत रस्ता कोणता?
४. मागची ताई कोण होईल? का?
५. शेवटी पोचणाऱ्या ताईला आपण फक्त फेरीतच मागे टाकतो, की बैठकीत, कर्जाच्या यादीत आणि बोलण्यातसुद्धा?

पाचव्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. सगळ्यात कमी बोलणाऱ्या ताईने आधी उत्तर द्यावं. चर्चेनंतर फेरीचा पहिला रविवार ठरवून ठराव लिहा आणि त्याची तारीख पुढच्या महिन्यात प्रभाग संघाच्या बैठकीत सांगा. मैदानावर सरावाला मला बोलवा, मी माझी सायकल घेऊन येईन.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक